पुरणपोळीची कणीक जमते ना? मग ब्रेड जमेल

मी घरी ब्रेड करतो हे कळलं की लोक आधी कौतुक करतात आणि पाठोपाठ विचारतात, "नुसत्या कणकेचा होतो का हो? आमचा फुगतच नाही, दडदडीत होतो." सोसायटीतल्या काकू, ऑफिसातले सहकारी, नात्यातल्या बहिणी, सगळ्यांचा प्रश्न हाच. तुम्हीही तोच विचारलात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

होतो. मैद्याची चिमूटही न घालता होतो. बाबांना सकाळच्या चहाबरोबर भाजलेल्या दोन चकत्या लागतात, लेकीच्या डब्यात काकडी-चटणीचं सँडविच जातं, आणि आई उरलेल्या कडांना फोडणी देऊन कुस्करा करते. हे सगळं गिरणीतून दळून आणलेल्या गव्हाच्या पिठावर चालतं.

दडदडीत होण्याचं कारण बहुतेकदा पाणी असतं. आपण पाककृती घेतो ती मैद्यासाठी लिहिलेली आणि मैद्याच्या जागी कणीक घालतो. पण ही दोन पिठं पाण्याच्या बाबतीत अगदी वेगळी वागतात. गिरणीत गहू दोन दगडांमध्ये दाबला जातो, पीठ तापतं, त्यातले स्टार्चचे कण तडकतात. तडकलेला कण अखंड कणापेक्षा कितीतरी जास्त पाणी पितो. आपली पोळी मऊ राहते ती यामुळेच. मैदा रोलरच्या गिरणीत तयार होतो, कोंडा आणि अंकुर काढून, आणि त्यात हे तडकणं बरंच कमी असतं. म्हणजे ५०० ग्रॅम मैद्याला जे ३२५ मिलिलिटर पाणी पुरतं, ते तेवढ्याच कणकेला मुळीच पुरत नाही.

दुसरी गोष्ट कोंड्याची. गव्हातल्या प्रथिनांपासून पिठात चिवट जाळं तयार होतं, त्याला ग्लुटेन म्हणतात. यीस्टने सोडलेला वायू हे जाळं धरून ठेवतं आणि ब्रेड चढतो. कोरड्या कोंड्याच्या धारदार कडा हे जाळं जागोजाग कापतात. मग लोकांना वाटतं यीस्ट कमी पडलं, म्हणून ते आणखी घालतात. त्याने वायू जास्त होतो, पण धरणार कोण? ब्रेड बसतो तो बसतोच, वर यीस्टचा आंबूस वास येतो.

यावरचा उपाय आपल्या स्वयंपाकघरात आधीपासून आहे. पुरणपोळीची कणीक आठवा. रोजच्या पोळीपेक्षा ती कितीतरी सैल भिजवतात, तास-दोन तास झाकून ठेवतात आणि मग तेल-पाण्याचा हात लावून तार येईपर्यंत तिंबतात. पुरण भरून लाटताना ती फाटत नाही, कारण तेच चिवट जाळं तिथे पुरतं तयार झालेलं असतं. ब्रेडला हीच कणीक हवी. आईने ब्रेड कधी केला नव्हता, पण माझ्या परातीतलं पीठ बोटाने ओढून पाहून ती म्हणाली, "अजून तिंब, तार कुठे आलीये?" आणि ते शंभर टक्के बरोबर होतं. ज्या घरात होळीला पुरणपोळी होते त्या घरात ब्रेडमधलं सगळ्यात अवघड काम येणारं माणूस आहेच. त्यांना परातीपाशी बोलवा.

आता प्रमाण. ५०० ग्रॅम कणीक बारीक चाळणीऐवजी पोळीच्या चाळणीने चाळा आणि ३७५ मिलिलिटर पाण्यात नुसती कालवून झाका. मीठ नाही, यीस्ट नाही. पाऊण तास तसंच ठेवा. या वेळात कोंडा भिजून मऊ होतो आणि हात न लावताच जाळं धरायला लागतं. मग एक लहान चमचा इन्स्टंट यीस्ट आणि तेवढीच साखर दोन चमचे कोमट पाण्यात कालवून घाला, १० ग्रॅम मीठ आणि दोन मोठे चमचे तेल घाला, आणि दहा-बारा मिनिटं तिंबा. हाताला चिकटेल. कोरडं पीठ भुरभुरू नका, हीच जागा मोहाची आहे. हात पाण्यात बुडवून पुढे चालू ठेवा. छोटा गोळा बोटांनी ताणला आणि न फाटता पातळ पडद्यासारखा पसरला की थांबा.

पीठ दुप्पट होऊ द्या, असं सगळीकडे लिहिलेलं असतं. कणकेसाठी मी दीडपटीला थांबतो. जास्त फुगवलं तर जाळं ताणून तुटतं आणि भट्टीत गेल्यावर ब्रेड मध्ये खचतो. घड्याळाकडे तर बघूच नका. पुण्यात एप्रिलमध्ये जे तासाभरात होतं, त्याला डिसेंबरात तीन तास लागतात. उन्हाळ्यात मी माठातलं पाणी वापरतो. थंडीत परात बंद ओव्हनमध्ये नुसता दिवा लावून ठेवतो.

मग गोळा थापून घट्ट गुंडाळायचा, तेल लावलेल्या साच्यात ठेवायचा, काठापर्यंत येऊ द्यायचा. आधी तापवलेल्या ओव्हनमध्ये २०० अंशांवर पंधरा मिनिटं, मग १८० वर पंचवीस-तीस. साच्यातून काढून बुडावर टिचकी मारली की पोकळ आवाज यायला हवा. त्यानंतरचे दोन तास सगळ्यात कठीण, कारण वासाने घरातले सगळे ओट्यापाशी जमतात. पण गरम कापू देऊ नका. आत वाफ कोंडलेली असते, स्टार्च अजून घट्ट झालेला नसतो, सुरी चिकटते आणि उरलेला ब्रेड गिच्च होतो.

काही जण विचारतात, दुकानातला ब्राउन ब्रेड काय वाईट? वाईट म्हणत नाही, पण पाकीट उलटून वाचा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात. पहिला शब्द मैदा असेल आणि शेवटाकडे १५०ए हा कॅरॅमलचा रंग असेल, तर तो तपकिरीपणा कुठून आला ते कळेल. ब्रेड चांगला फुगावा म्हणून पिठात घालत ते पोटॅशियम ब्रोमेट हे रसायन आपल्याकडे २०१६ मध्ये बंद झालं, ते चांगलंच झालं. पण लेकीच्या डब्यात रोज जाणाऱ्या पदार्थात पीठ, पाणी, मीठ, तेल, यीस्ट आणि चमचाभर साखर एवढंच आहे, ही खात्री मला स्वतःला हवी असते. कोंड्यासकट गव्हाचा पाव आपल्याला परकाही नाही. गोव्यातले पोदेर, म्हणजे पाववाले, कोंडा लावलेली पोई (तिथला पोकळ, गोल पाव) पिढ्यान्‌पिढ्या भाजत आलेत, आणि पूर्वी पीठ फुगवायला ते माडाची सूर, म्हणजे माडी, वापरत.

गव्हाचंही सांगतो. लोकवन चांगला चालतो. गिरणीवाल्याला बारीक दळायला सांगा आणि पीठ पूर्ण निवल्यावरच वापरा. खपलीचा हट्ट मात्र धरू नका. तिचं ग्लुटेन कमकुवत असतं, साच्यात उंची येत नाही. घरात खपली असेल तर गुळाची खीर करा, तिचं सोनं होईल.

आणि ब्रेड फ्रिजमध्ये ठेवू नका. तिथल्या थंडाव्यात स्टार्च लवकर कडक होतो आणि बाहेर ठेवलेल्यापेक्षा तो आधी शिळा लागतो. कोरड्या दिवसांत सुती कापडात गुंडाळून डब्यात दोन दिवस राहतो. पावसाळ्यात बुरशी धरते, तेव्हा चकत्या करून सरळ फ्रीजरमध्ये टाका आणि लागतील तशा तव्यावर भाजा.