दोन दिवसांत गुडघा मोकळा?

आमच्या जळगाव जिल्ह्यातल्या चोपड्याकडे केळीच्या गाड्या भरणारा माणूस पन्नाशीला आला की गुडघ्यावर हात टेकूनच उठतो. माझ्या मेडिकलमधून बाम, गुडघ्याचे पट्टे, दुखण्याच्या गोळ्या नेणारं एखादं जुनं गिऱ्हाईक मध्येच दिसेनासं होतं. विचारलं की कळतं, "भाऊ, जडीबुटीनी पुडी चालू शे. दोन दिनमा आराम पडना."

तो 'दोन दिनमा' ऐकला की मला शंका येते. निर्गुडी, गुग्गुळ असा झटका देत नाहीत. झिजलेला गुडघा एवढ्यात मोकळा झाला, तर पुडीत डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन असलं सूज दाबणारं स्टेरॉइड कुटून घातलेलं असण्याचा संभव मोठा. जोडीला डायक्लोफेनॅक हे दुखणं मारणारं औषधही सापडतं. डेक्सामेथासोन हे आपल्या शरीरातल्या कॉर्टिसॉल या नैसर्गिक स्टेरॉइडपेक्षा साधारण २५ पट जोरकस, आणि गोळी अगदी स्वस्त.

गल्लीतल्या एक मावशी अशीच पुडी घेत होत्या. गाल भरले, भूक वाढली. सुनेला वाटलं, सासूबाईंची तब्येत सुधारली. मी बघत होतो त्यांचं मनगट. कातडी कागदासारखी पातळ, बांगडी जरा घासली तरी निळा डाग. तपासली तर साखरही चढलेली. ही सगळी स्टेरॉइडची लक्षणं.

आता खरी भीती पुढेच. असं काही कळलं की घरचे पुड्या उकिरड्यावर फेकतात. तसं करू नका! बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिलं की मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी आपलं कॉर्टिसॉल बनवणं कमी करतात. पुडी एकदम बंद झाली की उलट्या, गळून जाणं, बीपी खाली. वेळेवर कळलं नाही तर जिवावर बेततं. पुडी घेऊन तडक डॉक्टरांकडे जा. सकाळच्या रक्तातलं कॉर्टिसॉल बघून ते डोस हळूहळू उतरवतात.

मधुमेहावरच्या चूर्णात मेटफॉर्मिन किंवा ग्लिबेनक्लामाइड ही साखर उतरवणारी ॲलोपॅथीची औषधं, 'ताकदी'च्या गोळीत व्हायग्रातलं सिल्डेनाफिल, हेही देशोदेशीच्या तपासण्यांत सापडलेलं आहे. गंमत बघा, ॲलोपॅथीची गोळी विकायला मला परवाना लागतो. आयुर्वेदिक औषध बनवायला लागतो, विकायला लागत नाही. आणि पुडीवर तर ना घटक, ना बॅच नंबर, ना बनवणाऱ्याचं नाव. यात बदनाम होतो तो सचोटीने काढे देणारा वैद्य.

मावशींना हे सगळं समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं, डॉक्टरांकडेही गेल्या. परत आल्यावर पहिला प्रश्न, "मंग गुडघानं काय?" वजन थोडं कमी, मांडीचे व्यायाम, शेक, असं सांगितलं. त्यांना ते फार पटलेलं दिसलं नाही.