अर्धा मिली अ‍ॅड्रेनॅलिन

मृग लागला होता. कळमेश्वरकडच्या संत्र्याच्या बागेत आग्या मोहोळ उठलं आणि तिथं कामाला असलेल्या एका मावशींना जीपमध्ये घालून आमच्या कॅज्युअल्टीत आणलं. ओठ सुजलेले, अंगभर गांधी, छातीत घरघर, मनगटाला नाडी लागेना. वरचं बीपी ७०, खालचं ऐकूच येईना. नवरा सांगत होता, "गावच्या डॉक्टरनं दोन इंजेक्शन देल्ले मॅडम, तरी दम लागूनच राह्यला." चिठ्ठीवर लिहिलं होतं, एव्हिल आणि डेक्सा.

अशी चिठ्ठी पाहिली की दर वेळी माझा जीव कळवळतो. एव्हिलनं खाज कमी होते, गांधी बसतात. डेक्सा हे स्टेरॉइड, त्याचा परिणाम दिसायला काही तास जातात. बीपी कोसळलेल्या, श्वासनळ्या आवळलेल्या माणसाकडे तेवढे तास नसतात. डंखाची अशी जिवावरची अ‍ॅलर्जी (अ‍ॅनाफिलॅक्सिस) झाली की पहिलं औषध एकच, अ‍ॅड्रेनॅलिन.

सिस्टरनी अँप्युल फोडली. एका मिलीत एक मिलिग्रॅम असतं. त्यातलं अर्धा मिली मी लुगडं सारून मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मधोमध, सरळ स्नायूत दिलं. कातडीखाली किंवा दंडात दिलं तर ते रक्तात उतरायला वेळ लागतो. मांडीच्या जाड स्नायूतून लवकर उतरतं. एकीकडे ऑक्सिजन, सलाइन, पाय उशांवर उंच. नातेवाईक मावशींना बसतं करायला धडपडत होते, त्यांना मी जरा जोरातच थांबवलं. रक्तवाहिन्या इतक्या सैल पडलेल्या असताना रोग्याला एकदम उठवलं, तर हृदयाकडे परत येणारं रक्त आटतं आणि हृदय तिथल्या तिथं थांबू शकतं.

पाच मिनिटांनीही बीपी ८० च्या पुढे सरकेना. पुन्हा अर्धा मिली. या औषधाचा जोर थोड्याच वेळात ओसरतो, म्हणून गरज असेल तर दर पाच मिनिटांनी ते परत देतात. या वेळी घरघर कमी झाली, बीपी शंभरावर गेलं, आणि मावशींचे हात थरथरायला लागले. "आता हे काय होऊन राह्यलं?" नवरा रडकुंडीला आला.

"भाऊ, औषध लागू पडून राह्यलं," मी म्हटलं. थरथर, छातीची धडधड, चेहरा पांढरा पडणं हे सगळं त्याचंच काम. अ‍ॅड्रेनॅलिन सैल पडलेल्या रक्तवाहिन्या आवळतं, त्यामुळं बीपी चढतं आणि घशाची सूज उतरते. हृदयाचे ठोके जोरकस होतात, श्वासनळ्या मोकळ्या होतात. ज्या मास्ट पेशी हिस्टामिन आणि इतर रसायनं ओकत असतात, त्यांनाही ते लगाम घालतं. एव्हिल फक्त आधीच बाहेर पडलेल्या हिस्टामिनला अडवतं. रिअ‍ॅक्शन काही तासांनी उलटून येऊ शकते, म्हणून मावशींना रात्रभर ठेवून घेतलं.

संध्याकाळी कोंढाळीकडून एक दहा-अकरा वर्षांचा पोरगा आला. गोठ्यातल्या विटा उचलताना लाल विंचू चावलेला. घामानं निथळत होता, दोन वेळा ओकला, हातपाय गारठून बर्फ, नाडी १५० च्या वर, बीपी त्याच्या वयाला भलतंच जास्त. दुपारचं सगळं पाहिलेल्या इंटर्ननं विचारलं, "मॅडम, ह्यालाही अ‍ॅड्रेनॅलिन?"

प्रश्न तिनं विचारला हे फार बरं झालं. या पोराच्या अंगात अ‍ॅड्रेनॅलिन उतू चाललं होतं. लाल विंचवाच्या विषानं मज्जातंतू सारखे पेटत राहतात आणि शरीर स्वतःचंच अ‍ॅड्रेनॅलिन, नॉरअ‍ॅड्रेनॅलिन रक्तात ओतत सुटतं. रक्तवाहिन्या इतक्या आवळतात की हृदय थकतं आणि फुफ्फुसांत पाणी भरतं. दुपारी ज्या आवळण्यानं मावशी वाचल्या, तेच इथं जिवावर उठलेलं. इथं ते सोडवायचं असतं, आणि ती किल्ली म्हणजे प्राझोसिन, किलोमागे ३० मायक्रोग्रॅम, तोंडानं. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी कोकणातल्या खेड्यांत रोगी राखत, रात्र-रात्र उशाशी बसून हे दाखवून दिलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली तेव्हा मला घरातल्या माणसाला मिळाल्यासारखा आनंद झाला होता. पोराला गोळी दिली आणि उठू दिलं नाही, कारण पहिल्या गोळीनंतर बीपी एकदम पडू शकतं. सोबत विंचवाच्या विषावरची लसही (अँटिव्हेनम) दिली. मध्यरात्रीपर्यंत पाय कोमट झाले.

दुसऱ्या दिवशी मी त्या गावच्या डॉक्टरांना फोन केला. चांगला माणूस. अँप्युल त्यांच्या कपाटात होत्या. "हार्टवर ताण येईल म्हणून हात धजला नाही," ते म्हणाले. ही भीती बहुतेक वेळा शिरेतल्या डोसाची असते. अख्खी अँप्युल शिरेतून देतात ती हृदय थांबलेल्या रोग्याला. जिवंत, शुद्धीतल्या माणसाला ती तशी दिली तर घात होऊ शकतो. मांडीतला अर्धा मिली ही वेगळी गोष्ट आहे.

रोगी बीपीसाठी अटेनोलॉल घेत असला तर काय, असं त्यांनी विचारलं. तरी पहिलं हेच, मी म्हटलं. अशा रोग्याला ते कमी लागू पडू शकतं, म्हणून देता-देताच पुढं पाठवा, इकडं त्यावर ग्लुकागॉन नावाचं दुसरं औषध देता येतं. मग त्यांनी लहान मुलांचा डोस विचारला. किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम. कपाटाच्या दारावर लिहून ठेवतो म्हणाले.