तैपेईत चांगला चहा शोधताना

तैपेईला जायचं ठरलं तेव्हा माझ्या यादीत पहिलं नाव ऊलॉंगचं, म्हणजे हिरवा आणि काळा यांच्या मधल्या चहाचं होतं, बाकीचं फिरणं नंतर. चार दिवस हातात होते आणि मला वाटलं तैवान म्हणजे चहाचंच गाव, कुठेही शिरलं तरी चांगलं मिळेल. पण मॅपवर टी शॉप टाकलं की सगळी बबल टीचीच दुकानं येतात, तिथे कप मिळतो, पत्ती नाही. पहिल्या संध्याकाळी एका टुरिस्ट मार्केटमधून मी देखण्या डब्यातला मिल्क ऊलॉंग घेतला, हॉटेलवर करून बघितला तर पहिल्या कपाला टॉफीसारखा घमघमाट आणि दुसऱ्या पाण्याला काहीच नाही. वरून फ्लेवर मारलेला होता. जिनश्युआन नावाची चहाची खरी जात आहे, १९८१ मध्ये तिकडच्या संशोधन केंद्राने आणलेली, तिच्यात मुळातच दुधाळ वास असतो पण तो इतका हलका की शांत बसून प्यायलं तरच जाणवतो.

दुसऱ्या दिवशी रिसेप्शनवरच्या मुलीला विचारलं की तुमच्या घरचे चहा कुठून आणतात, आणि इथेच सगळं बदललं. तिने माझ्या फोनमध्ये चिनी लिपीत दोनच अक्षरं टाईप करून दिली, उच्चार छाहांग, म्हणजे चहाची पेढी. ती मॅपमध्ये टाकल्यावर पूर्ण वेगळी दुकानं दिसायला लागली. कुठल्याही देशात जा, स्थानिक लिपीतला हा एक शब्द आधी मिळवा, इंग्रजीत शोधून वेळ घालवू नका.

बेईमेन मेट्रो स्टेशनवरून चालत दादाओचेंगला गेले. जुना व्यापारी भाग, इथला ऊलॉंग १८६९ मध्ये दोन जहाजं भरून थेट न्यूयॉर्कला गेला होता, आणि आजही तिथे चहाच्या जुन्या पेढ्या आहेत. तीन दुकानं बघितली. पहिल्या दोन्हीकडे हाय माउंटन एवढंच सांगत होते, म्हणजे हजार मीटरच्या वरचा चहा, पण कुठला डोंगर, कुठला हंगाम विचारलं की पुन्हा किंमतच सांगायचे. तिसऱ्या दुकानात एक आजी होत्या, त्यांनी आधी मलाच विचारलं, भाजलेला आवडतो की हिरवा? मग बसवलं, गाइवान, म्हणजे झाकणाचा कप, काढला आणि तीन चहा शेजारी शेजारी करून दिले, अलिशान, डोंगडिंग आणि ओरिएंटल ब्यूटी. फोनवरच्या ट्रान्सलेटरमधून आमचं बोलणं तासभर चाललं होतं. ओरिएंटल ब्यूटीची पानं तुडतुडे चावलेलीच लागतात, त्या चावण्यामुळे झाडात जे बदल होतात त्यातून मधासारखा वास येतो, आणि तुडतुडे यावेत म्हणून औषध फवारता येत नाही, हे मला वाचून माहीत होतं पण वास घेतल्यावर खरं कळलं! शेवटी त्यांनी भिजलेली पानं ताटलीत उलगडून दाखवली, देठासकट अख्खी पानं, तुकडे नाहीत. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. ज्याला आपल्या मालाची खात्री आहे तो भिजलेलं पान दाखवायला मागेपुढे बघत नाही.

मला बाओझोंग नावाचा हलका ऊलॉंग पण हवा होता, तर आजी म्हणाल्या तो पिंगलिन गावालाच जाऊन घे. शिनदियान मेट्रोवरून बस मिळते, रस्ता डोंगरातून वळणावळणाचा, आणि गाव असं की जवळपास प्रत्येक दुकान चहाचंच. एका घरात पुढे दुकान आणि मागे पानं सुकवायच्या टोपल्या रचलेल्या, मालकांनी वसंतातला आणि हिवाळ्यातला दोन्ही करून दिले, मला हिवाळ्यातला जास्त आवडला, वास जरा शांत पण घशात गोडवा खूप वेळ राहतो. बाओझोंग म्हणजे गुंडाळलेला, पूर्वी चौकोनी कागदात बांधून विकायचे म्हणून हे नाव. पान गोळीसारखं वळलेलं नसतं, नुसतं पिळलेलं असतं, त्यामुळे बॅगेत लगेच चुरा होतो, कपड्यांच्या मध्ये ठेवा.

मोजमापाचं एक सांगून ठेवते, तिकडे भाव बऱ्याचदा जिनवर असतो, एक जिन म्हणजे ६०० ग्रॅम, आणि पाकीट साधारण १५० ग्रॅमचं, म्हणजे पाव जिन. पाटीवरचा आकडा पाकिटाचा आहे की जिनचा ते आधी विचारा, मी एका दुकानातून आकडा बघूनच परत फिरले होते आणि तो पूर्ण जिनचा होता.

माओकोंग या चहाच्या डोंगरावर केबल कारने जायचं राहिलं, त्या दिवशी पाऊस होता. तिथला तिएग्वानयिन नावाचा ऊलॉंग मग आजींकडूनच घेतला, परतायच्या आदल्या दिवशी पुन्हा त्यांच्याकडे गेले तेव्हा. मला बघितल्यावर त्यांनी काही न विचारता पाणी उकळायला ठेवलं.