बदामी ते पट्टदकल, पाठीवर पाणी घेऊन

आम्ही बेळगावचे ट्रेकवाले म्हणजे पावसाळी माणसं. जांबोटी, चोर्ला, पारगड असं फिरायचं; सॅकमध्ये एक बाटली टाकली की झालं, पुढे ओढे आहेतच. उत्तर कर्नाटकातल्या कोरड्या डोंगरातून बदामी–महाकूट–पट्टदकल पायी करायचं ठरलं तेव्हा पहिली बैठक पाण्यावरूनच तापली. पोरांचं म्हणणं, "गावं लागतात की वाटेत!" शेवटी गटातल्या मामांनी फर्मान काढलं: माणशी चार लिटर, बाकीचं सामान नंतर. चार लिटर म्हणजे पाठीवर चार किलो. कपडे निम्मे झाले, तंबू घरीच राहिले. तंबूंचा तसा उपयोगही नव्हता, कारण पुरातत्त्व खात्याची ठिकाणं सूर्यास्ताला बंद होतात, मुक्काम वस्तीवरच करावा लागतो. डोंगरातून जायचं तर वनखात्याला आधी विचारलेलं बरं. ते काम चहा दोनदा थंड होईपर्यंत चाललं, पण झालं.

खाण्याचा प्रश्न वहिनींनी सोडवला. कडक भाकरी, शेंगाचटणी, गूळ. कडक भाकरी वाळलेली असते, दिवसेंदिवस टिकते, वजनाला हलकी. फक्त सॅकमध्ये उभी ठेवायची, नाहीतर चुराच खावा लागतो.

डिसेंबरअखेर निघालो. उन्हाळ्यात इकडे पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा या दगडावर चालायचा विचारही करू नये. बदामीत उतरल्यावर तांबडे कडे अंगावर येतात. म्युझियमच्या मागून उत्तरेच्या किल्ल्यावर जाणारी वाट दोन उभ्या कड्यांच्या मधून जाते. इतकी अरुंद की सॅक कडेला घासते आणि वर आभाळाची नुसती पट्टी दिसते. कड्याला हात लावून बघा: वाळूचे तिरपे थर एकावर एक, मध्येच वेगळ्या दिशेला वळलेले. कुठल्या तरी पुरातन प्रवाहाने ओढून आणलेली ही वाळू. काही फरशांवर तर लाटांच्या खुणाही जशाच्या तशा आहेत. चालुक्य राजा पहिल्या पुलकेशीने इथे किल्ला बांधला, त्याचा शके 465 म्हणजे इसवी सन 543 चा लेख याच डोंगराच्या कातळावर आहे. समोरच्या तिसऱ्या लेण्यात त्याच्या मुलाचा, मंगलेशाचा, 578 चा. लेणी आम्ही घाईत उरकली. पुस्तकांतून आणि सहलींतून बघून झालेली, आणि माकडांनी आमच्या एकाची भाकरीची पुडी पळवल्यावर तिथे रेंगाळायची कुणाचीच इच्छा उरली नाही.

खरं चालणं पठारावर. झाडं खुरटी, सावली जवळजवळ नाहीच. हा वालुकाश्म कोरडा असला की बुटाला छान धरतो, पण त्यावर सुटी वाळू पसरलेली असेल तर पाय सरकलाच म्हणून समजा. अकरापर्यंत निम्मं पाणी संपलं. मेंढरांमागे चाललेल्या एका अज्जांना मोडक्या कानडीत विचारलं, "अज्जा, नीरु एल्लि?" त्यांनी काठीने नागनाथकोळ्ळच्या, म्हणजे नागनाथाचं देऊळ असलेल्या घळीच्या, बाजूला दाखवलं आणि आमच्या सॅककडे बघून मनसोक्त हसले.

तिथून पुढे माझं नकाशा बघणं बदललं. या डोंगरात देवळं मनाला येईल तिथे नाहीत. जिथे कड्याच्या पोटातून पाणी झिरपतं, जिथे घळ सावली धरते, तिथे आहेत. सातव्या शतकातल्या माणसाचीही अडचण आमचीच असणार. महाकूटला जुन्या पायवाटेने उतरलो तेव्हा हे डोळ्यांनीच दिसलं. खाली दाट झाडी, मध्ये झऱ्यावर भरणारी विष्णुपुष्करिणी, तिच्याभोवती चालुक्यांची देवळं. पोरं कुंडात उड्या मारत होती. आमच्यातल्या निम्म्यांनी देव बघायच्या आधी तेच केलं. मामांनी तेवढं बजावलं की कुंडातलं पाणी अंघोळीला, प्यायला नळाचं. रात्री गावातल्या एका घराच्या पडवीत पथाऱ्या टाकल्या. गरम भाकरी आणि पुंडीची, म्हणजे अंबाडीची, भाजी मिळाली, आमची चटणी त्यांच्या ताटात गेली.

पट्टदकलला डोंगर सुटतात आणि वाट सपाटीने नदीकडे जाते. इथे मलप्रभा उत्तरेकडे वळते, म्हणून जागा पवित्र. ही नदी आपल्या खानापूर तालुक्यातल्या कणकुंबीची, जिथे पावसाळ्यात छत्री मिटायला फुरसत मिळत नाही. सौंदत्तीच्या धरणातून पुढे येऊन ती या कोरड्या मुलुखात पोचते, तेव्हा पाणी जेमतेम घोट्यापर्यंत. राणी लोकमहादेवीने नवऱ्याच्या, म्हणजे चालुक्य राजा दुसऱ्या विक्रमादित्याच्या कांचीवरच्या विजयाची आठवण म्हणून बांधवलेलं विरूपाक्ष मंदिर याच काठावर उभं आहे. तिथे मात्र आम्ही पहारेकऱ्याने शिट्टी मारेपर्यंत थांबलो.

ऐहोळेपर्यंत चालायचा बेत होता, पण दोघांचे गुडघे बोलू लागले आणि आम्ही बस धरली. पुढच्या वेळी सिद्धनकोळ्ळवरून ऐहोळे करायचं म्हणतोय. मामांनी पाण्याचा हिशेब आत्ताच विचारलाय.