लाख लोकांसाठी सर्व्हर किती?

सोसायटीतल्या शेजाऱ्यांपासून नव्याने धंदा सुरू केलेल्या मुलांपर्यंत सगळे मला एकच प्रश्न विचारतात: ‘आमच्या साइटवर लाखभर लोक येणार आहेत, सर्व्हर किती घ्यायचे?’ मी नवी मुंबईतल्या ऐरोलीत राहतो. गर्दीच्या वेबसाइटसाठी सर्व्हरची आखणी करणं आणि गर्दी यायच्या आत ती तपासून पाहणं हेच माझं काम. ठाणे-बेलापूर पट्ट्यात ऐरोली, रबाळे, महापे इथे मोठमोठी डेटा सेंटरं उभी आहेत. ती पाहून यंत्रं वाढवली की झालं, असं वाटणं साहजिक आहे. पण यंत्रांचा आकडा सगळ्यात शेवटी येतो. तुम्ही विचारलंत म्हणून त्याच्या आधीचं सांगतो.

लाख लोक, पण किती वेळात? दिवसभरात आले आणि प्रत्येकाने सर्व्हरकडे आठ वेळा काही मागितलं, तर ८ लाख रिक्वेस्ट झाल्या. ८६,४०० सेकंदांत त्या विभागल्या तर सेकंदाला साधारण ९. साधा सर्व्हरही एवढं पेलतो. तेच लाख लोक दहा मिनिटांत आले तर सेकंदाला १,३३३. माणसं तेवढीच, भार १४४ पट. आणि आपल्याकडे गर्दी अशीच येते. दहावीचा निकाल दुपारी १ वाजता लागतो, एसीचं तत्काळ तिकीट सकाळी १० वाजता सुटतं. २८ एप्रिल २०२१ ला दुपारी ४ वाजता कोविन या सरकारी साइटवर १८ वर्षांवरच्यांची लसनोंदणी उघडली, तर त्याच दिवशी एक कोटीहून जास्त लोकांनी नोंदणी केली. दिवसाची सरासरी घेऊन केलेली आखणी अशा वेळी कामाची नाही.

पुढचा हिशेब जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेल्या नियमाचा. सेकंदाला किती रिक्वेस्ट येतात, गुणिले प्रत्येकीला किती वेळ लागतो, म्हणजे एका क्षणी आत किती अडकलेल्या असतील ते कळतं. १,३३३ रिक्वेस्ट आणि प्रत्येकीला ०.३ सेकंद, तर आत ४००. डेटाबेसची, म्हणजे साइटची माहिती जिथे साठवलेली असते त्याची, एखादी क्वेरी (त्याला विचारलेला प्रश्न) रेंगाळली, ०.३ चे ३ सेकंद झाले, की ४,०००. पोस्टग्रेस हा डेटाबेस काही न बदलता वापरला तर १०० कनेक्शनच घेतो. मर्यादा वाढवता येते, पण प्रत्येक कनेक्शन मेमरी खातं. अशा वेळी घाबरून वेब सर्व्हर वाढवले तर दुखणं वाढतं, कारण नवा सर्व्हर त्याच दमलेल्या डेटाबेसकडे आणखी कनेक्शन मागतो. एका रेंगाळणाऱ्या क्वेरीला योग्य इंडेक्स, म्हणजे पुस्तकामागच्या सूचीसारखी सोय, मिळाला की कित्येक सर्व्हरची गरजच उरत नाही.

सर्व्हर पूर्ण वापरायचा हट्टही सोडा. काम कधीही येऊन पडत असेल आणि करणारा एकच असेल, तर तो ५० टक्के गुंतलेला असताना उत्तराला दुप्पट वेळ लागतो, ८० टक्क्यांवर पाचपट, ९० वर दहापट. प्रोसेसरमधले कोर, म्हणजे एकाच वेळी काम करणारे भाग, जास्त असले तर हे उशिरा जाणवतं, पण जाणवतंच. तीन सर्व्हर ५० टक्क्यांवर चालत असतील आणि एक पडला, तर उरलेले दोन ७५ वर तग धरतात. ६० वर चालवले असते तर ९० वर गेले असते.

आता टेस्टिंग. माझा सगळा जीव यात आहे, कारण बहुतेक लोड टेस्ट, म्हणजे खोटी गर्दी सोडून घेतलेल्या परीक्षा, खोटा दिलासा देतात. कधी लोड पाठवणारं यंत्रच आधी दमतं. लिनक्सवर बाहेर जाणाऱ्या कनेक्शनसाठी मुळात सुमारे २८,००० पोर्ट (प्रत्येक कनेक्शनला लागणारे क्रमांक) असतात आणि बंद केलेलं कनेक्शन आपला पोर्ट मिनिटभर अडवून ठेवतं. दर रिक्वेस्टला नवं कनेक्शन उघडलं तर एका यंत्रावरून एकाच पत्त्याकडे सेकंदाला ४७० च्या आसपास गाडी अडते, आणि अहवालात दोष साइटच्या माथी बसतो.

याहून फसवी गोष्ट वेगळीच. जेमीटर या लोड टेस्टच्या सॉफ्टवेअरमध्ये ५०० वापरकर्ते नेहमीच्या पद्धतीने लावले की प्रत्येक जण आधीच्या उत्तराची वाट पाहतो, मगच पुढची रिक्वेस्ट पाठवतो. म्हणजे साइट मंदावली की लोडही आपोआप उतरतो! खरी माणसं अशी समजूतदार नसतात आणि त्यांनी का असावं? पोराचा निकाल उघडत नसेल तर बाप पुन्हा पुन्हा रिफ्रेश करणारच, आई दुसऱ्या फोनवरून बघणारच. म्हणून साइट कितीही रखडली तरी ठरलेल्या दराने नव्या रिक्वेस्ट येतच राहतील, अशी टेस्ट लावा.

डेटा खऱ्याएवढा भरा. हजार ओळींच्या टेबलवर सगळंच पळतं. एकाच लॉगिनने टेस्ट केली तर उत्तरं कॅशमधून, म्हणजे आधीच्या उत्तरांच्या साठ्यातून, येतात आणि डेटाबेसची परीक्षाच होत नाही. ऑफिसच्या वायफायवर मिळालेला वेगही खरा मानू नका. ट्रान्स-हार्बर लोकलमध्ये उभं राहून फोनवर साइट उघडणाऱ्याचं कनेक्शन कितीतरी जास्त वेळ अडकून राहतं. सरासरीवर विसंबू नका, ९९ पर्सेंटाइल बघा, म्हणजे शंभरातल्या ९९ रिक्वेस्टना जास्तीत जास्त किती वेळ लागला ते. शंभरात एकाला आठ सेकंद लागत असतील, तर लाखात ती हजार माणसं होतात.

आणि ठरलेला आकडा गाठला म्हणून थांबू नका. साइट मोडेपर्यंत लोड वाढवा, मधेच एक सर्व्हर मुद्दाम बंद करा. काय आधी मोडतं ते कळायला हवं. ते बरेचदा तुमचं नसतंच. ओटीपीचे एसएमएस पाठवणारी सेवा किंवा पेमेंट गेटवे असतं. त्यांची मर्यादा आधी लेखी विचारा आणि परवानगीशिवाय त्यांच्यावर लोड सोडू नका. ऑटोस्केलिंगचाही, म्हणजे गर्दी वाढली की आपोआप सर्व्हर वाढवण्याच्या सोयीचाही, भरवसा बेतानेच धरा, नवा सर्व्हर उभा राहायला काही मिनिटं जातात आणि १ वाजताची गर्दी १ वाजताच येते. तो १२ वाजताच उभा करून ठेवा.

एवढं करूनही हिशेबापेक्षा जास्त लोक आले तर काय बंद करायचं, हे आधीच ठरवा. शोध, फोटो, शिफारशी आधी जाऊ देत. मग येणाऱ्यांना रांगेच्या साध्या पानावर थांबवा आणि त्यांचा नंबर किती, वेळ किती लागेल ते खरं सांगा. ते पान तुमच्या मुख्य सर्व्हरवर ठेवू नका.