सिग्वेन्था: वाचत पहुडलेला शिपाई

शनिवार, १९ ऑक्टोबर. माद्रिद, रात्रीचे अकरा.

पाय ठणकताहेत, पण आजचं आजच लिहून ठेवते. उद्यावर टाकलं की राहून जातं.

लेकीला आज सुट्टी. "आई, तुला किल्ला बघायचाय ना, चल," म्हणाली आणि सकाळी चामार्तीन स्टेशनवरून आम्ही गाडी पकडली. दीड तासाचा प्रवास. ग्वादालाहारा मागे पडलं की वस्ती विरळ होते आणि कापणी झालेली पिवळी रानं लागतात. सिग्वेन्था हजारेक मीटर उंचीवर आहे. उतरल्या उतरल्या गार वारा कानात शिरला, तशी ओढणी डोक्यावरून घट्ट गुंडाळून घेतली.

स्टेशनाबाहेर आलं की अख्खं गाव समोरच्या चढावर दिसतं. खाली एनारेस नदी, मध्ये कॅथेड्रल, सगळ्यात वर किल्ला. कॅथेड्रललाही दोन भक्कम बुरूज आणि त्यांवर चर्या. मी त्यालाच किल्ला समजले होते. बाराव्या शतकात बांधायला घेतलं तेव्हा हा सरहद्दीचा मुलूख होता, देवळालासुद्धा लढायची तयारी ठेवावी लागे.

आधी वर गेलो. काये मायोर, म्हणजे गावाचा मोठा रस्ता, कॅथेड्रलपासून थेट किल्ल्यापर्यंत चढतो. दगडी फरसबंदी, दोन्ही बाजूंना एकमेकांना टेकलेली घरं. मी दोनदा थांबले. सज्जनगडाच्या पायऱ्या चढणारे हे गुडघे आता ऐकत नाहीत.

किल्ला मुळात मुसलमान राजवटीतला. ११२४ साली बेर्नार्दो नावाच्या फ्रेंच बिशपने गाव जिंकून घेतलं आणि त्यानंतर कित्येक शतकं बिशपच इथले धनी होते. ते राहायचे किल्ल्यातच. ब्लांका नावाची एक फ्रेंच राजकन्या मात्र इथे कैदेत होती. १३५३ मध्ये राजा पेद्रोशी तिचं लग्न झालं आणि काही दिवसांतच त्याने तिला टाकलं. मग या किल्ल्यातून त्या किल्ल्यात असं करत १३६१ मध्ये ती पोर गेली. विशीची जेमतेम. तटाशी उभी राहून खालची कौलं बघताना सारखं तेच मनात येत होतं, की तिनेही हेच बघितलं असणार.

आज या किल्ल्यात सरकारी हॉटेल आहे. अशा सरकारी हॉटेलांना इथे पारादोर म्हणतात, त्यांतली बरीच जुन्या वास्तूंत आहेत. पहिलं १९२८ सालचं. २०१९ मध्ये आपल्याकडे किल्ले हॉटेलांना देण्याची बातमी आली तेव्हा मी स्वतः निषेधाच्या पत्रावर सही केली होती, त्यामुळे आत शिरताना मन तयार नव्हतं. पण इथली गोष्ट वेगळी आहे हेही मान्य करते. नेपोलियनच्या फौजांशी झालेल्या लढायांत आणि पुढे १९३६ च्या यादवीत याची पार पडझड झाली होती. हॉटेलच्या निमित्ताने तो पुन्हा उभा राहिला. मधल्या चौकात विहीर आहे, तिच्यापर्यंत कुणीही जावं, आत बसून कॉफी घ्यावी, कोणी हटकत नाही. तरीही सांगते, रायगडावर पडक्या जोत्यांपाशी जे भरून येतं ते इथे आलं नाही. सगळं फार नीट बसवलेलं आहे. माझी सही मी मागे घेणार नाही.

खाली उतरून जेवलो. मांस नको असं लेकीने दोनदा बजावल्यावर 'मिगास' आलं. शिळ्या पावाचा चुरा, लसूण, लाल मिरचीची पूड, वर तेल. चव थेट आपल्या फोडणीच्या पोळीची. दोघींनी ताट पुसून खाल्लं.

दुपारी कॅथेड्रल. दर्शनी भिंतीवर १९३६ च्या गोळीबाराच्या खुणा अजून आहेत. बोट घालून बघितलं, पेराएवढा खळगा. आत एका दालनाच्या छतावर तीनशेहून जास्त माणसांची डोकी कोरलेली आहेत. मान दुखेपर्यंत पाहिली, एकासारखं दुसरं नाही. पण आजचा दिवस त्यांचा नव्हता.

एका बाजूच्या कपेलमध्ये, म्हणजे छोट्या प्रार्थनागृहात, भिंतीतल्या कमानीखाली 'एल दोन्थेल'ची कबर आहे. मार्तिन वास्केथ दे आर्थे, सांतियागो या लढवय्या ख्रिस्ती पंथाचा सरदार. १४८६ मध्ये ग्रानादाच्या मुसलमान राज्यावरच्या मोहिमेत पडला, वय पंचवीस. कबरीवरचे पुतळे मी इथे पुष्कळ बघितले. सगळे उताणे, डोळे मिटून, हात जोडलेले. हा मात्र उजव्या कोपरावर रेलून, पायावर पाय टाकून पुस्तक वाचतोय. अंगात चिलखत, छातीवर लाल क्रूस, पायाशी खिन्न बसलेला एक पोरगा. पांढऱ्या अलाबास्टर दगडाचं पुस्तक दोन्ही हातांत मधोमध उघडलेलं आहे. डोळे उघडे आहेत, पण ते पुस्तकावर आहेत की आत्ता वाचलेल्या ओळीवर विचार करताहेत, मला ठरवता येईना.

लेक कोरलेला लेख वाचून सांगत होती. बाप आणि मुलगा दोघेही त्या मोहिमेत होते. मुलगा पडला तेव्हा बापानेच त्याचा देह मिळवला आणि आणून आपल्या या कपेलमध्ये पुरला. मग मी मधोमध असलेल्या कबरीकडे वळले. ते त्याचे आईवडील. मुलगा वाचतोय आणि दोघं त्याच्याजवळ आहेत.

मला एकदम धाकटा मामा आठवला. १९७१ च्या लढाईत गेला तेव्हा मी नऊ वर्षांची. आजोबांच्या हाती फक्त तार आली, देह आला नाही. ती तार हातात धरून आजोबा ओट्यावर बसले होते आणि आजी आत चुलीपाशी. आमच्या सातारच्या बाजूला प्रत्येक गावात असं एखादं घर आहे. वाईजवळच्या किकलीला तर देवळाभोवती वीरगळच वीरगळ. खाली लढणारा वीर, मध्ये त्याला घेऊन जाणाऱ्या अप्सरा, वर शंकराची पिंडी, माथ्यावर चंद्र आणि सूर्य. लहानपणापासून ते बघत आले, त्यांना हात जोडत आले. पण कुठल्याही वीरगळावर तो माणूस लढाई नसताना काय करायचा ते नाही.

मामाचा भिंतीवरचा फोटोही तसाच. वर्दी, टोपी, ताठ मान, वर हार. तो माझा मामाच वाटत नाही मला. माझा मामा सुट्टीवर आला की ओट्यावर अस्साच कोपरावर रेलायचा, पायावर पाय टाकून, आणि कंदील जवळ ओढून वाचत पडायचा. आजी ओरडायची, डोळे जातील म्हणून. त्याच्या ट्रंकेत कपड्यांखाली पुस्तकं असायची. त्यांतलं एक माझ्यासाठी आणलेलं होतं, राजा आणि पोपटाच्या गोष्टींचं.

किती वेळ उभी होते कोण जाणे. लेकीने हात धरला, काही विचारलं नाही.

परतीच्या गाडीतून थोरल्या मामाच्या मुलाला फोन लावला. तिकडे रात्रीचे साडेनऊ. म्हटलं, काकाचा वर्दीशिवायचा एखादा फोटो आहे का रे? तो जरा गप्प झाला. मग म्हणाला, "ताई, ट्रंक माळ्यावर आहे. काकी होत्या तेव्हा उघडली होती, त्यानंतर नाही. उद्या उतरवतो."