रस्ता अडवणारे टर्की

आज थँक्सगिव्हिंग, म्हणजे अमेरिकेत घरोघरी टर्की पक्षी रांधून खाण्याचा सण. दुपारी शेजाऱ्यांकडे जेवायला निघालो, तर बॉस्टनशेजारच्या ब्रुकलाइनमधल्या आमच्या गल्लीत टर्कींची टोळी रस्ता अडवून उभी! त्यातले एक नर महाशय काळ्या गाडीच्या चकचकीत दारावर दणादण चोच मारत होते. दारात दिसणारा तो दुसरा नर त्यांना काही केल्या खपत नव्हता. गाडीवाला हॉर्न देऊन थकला, पण हे ढिम्म. निळसर टक्कल, गळ्याखाली लोंबणारी लालभडक कातडी, थाट मात्र सरदाराचा.

शिकार आणि जंगलतोडीमुळे १८५१ पर्यंत आमच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातून रानटर्की पार संपले होते. १९७० च्या दशकात न्यूयॉर्क राज्यातून ३७ पक्षी आणून इथल्या बर्कशायरच्या डोंगरात सोडले. आज राज्यात पंचवीस हजारांच्या वर आहेत. रात्री झाडावर झोपतात, उडतातही झकास. फार्मवरच्या पांढऱ्या टर्कीला मात्र छातीच्या वजनामुळे धड उडताच येत नाही.

तोच ताटात होता. वहिनींनी रात्रभर मिठाच्या पाण्यात मुरवला होता, तरी छातीचं मांस कोरडं ते कोरडंच (हे त्यांना सांगू नका). मांडीचा तुकडा फर्मास. आणि क्रॅनबेरी सॉसच्या शेजारी ठेवलेलं आमचं लिंबाचं लोणचं सगळ्यांत आधी संपलं!